शेकड्याला दोन

पोर जन्मली तेव्हा तोलारानं तिला दवाखान्यातून घरी न नेता आधी गाळ्यावर नेलं. धान्यबाजारात शेठच्या गाळ्यावर पोती तोलायचं त्याचं काम. त्याच्या बापाचंही तेच होतं. त्यानं पारड्यात पोतं अंथरलं, वर पोर ठेवली, दुसऱ्या पारड्यात वजनं टाकली आणि चार हमालांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दोन किलो, वर एक छटाक!" बायको पायरीवर बसून म्हणत होती, अहो, ओली बाळंतीण मी, आधी घरी तरी न्या मला. पण जुन्या मापातली ती छटाक पोरीला चिकटली ती चिकटलीच. शाळेच्या दाखल्यावर नाव वेगळं होतं, पण अठरा वर्षांची झाली तरी सगळा बाजार तिला छटाकीच म्हणायचा.

ते वजन मात्र खरं होतं. तेव्हा काट्यात धूळ नव्हती.

धूळ हा गाळ्यावरचा शब्द. नऊ वर्षांपूर्वी शेठनं पारड्यांचा तराजू मोडीत काढला आणि फळीचा मोठा काटा आणला. फळीवर पोतं ठेवायचं, दांडीवरचा ठोकळा सरकवायचा, दांडी सरळ झाली की आकडा वाचायचा. पंधरा दिवसांनी शेठनं बुटाच्या टाचेचं एक रबर तोलाराच्या हातात दिलं आणि फळीखाली कुठं बसवायचं ते बोटानं दाखवलं. तोलारानं बसवलं. शंभर किलोचं पोतं अठ्ठ्याण्णव भरू लागलं. माल घेऊन आलेला माणूस कुरकुरला, की त्याला काय सांगायचं तेही शेठनंच शिकवलं होतं.

"तोलार, घरी शंभर भरलं होतं रे," मळेवाले आजोबा दरवर्षी म्हणायचे. त्यांचा मळा गावाबाहेर होता आणि तोंड फार गोड होतं.

"कशावर मोजलंत, आजोबा?"

"शेजाऱ्याच्या काट्यावर."

"शेजाऱ्याचा काटा! आणि आणलंत कशातून? टेंपोतून. वाटेत धूळ झडली असेल."

"दोन किलो धूळ?"

"रस्ता बघा की आपला."

आजोबा हसायचे आणि अठ्ठ्याण्णवची चिठ्ठी घेऊन जायचे. वर्षातून एकदा शिक्का मारणारे साहेब यायचे, चहा प्यायचे, फळीकडे न बघता शिक्का मारायचे. रबर काढायची वेळ कधी आलीच नाही. तोलाराला त्याचा विसर पडला होता म्हणावं तर तसं नाही, आणि ते ध्यानात होतं म्हणावं तर तसंही नाही. चष्मा लावणाऱ्याला चष्मा कुठं दिसतो? रोज बोललेलं खोटं माणसाला पाठ होतं, आणि पाठ झालेल्या गोष्टीचा कुणी विचार करत नाही. उलट तोलाराला त्या काट्याचा गर्व होता. बाजारात कुणाचं भांडण झालं तर तो छाती ठोकून म्हणायचा, "माझ्या काट्यावर या."

त्या वर्षी पाऊस सलग दुसऱ्यांदा दडी मारून बसला. जिथं दिवसाला दोनशे पोती यायची तिथं वीस येईनात. शेठनं हमाल कमी केले. मग त्याची नजर चाळणीकडे वळली. गाळ्याच्या मागच्या पडवीत तोलाराची बायको गेली बारा वर्षं चाळणीवर बसत होती. छतापासून दोरीनं टांगलेली माणसाएवढी चाळणी पुढंमागं ढकलायची, खडे-काडी वर राहते, दाणे खाली पडतात, आणि धूळ जाते चाळणाऱ्याच्या छातीत. ही धूळ खरी होती. बाईचा खोकला आता बोलता बोलता वाक्य तोडायचा.

"धान्यावर खोकते ती," शेठ तोलाराला म्हणाला. "गिऱ्हाईक बघतं. पोरीला बसव तिच्या जागी. एक तारखेपासून. नाहीतर चाळणी दुसरीला देतो."

"पोरीची स्पर्धा आहे, शेठ. पंचवीस तारखेला."

"मग एक तारीख त्याच्यानंतरच येते की."

स्पर्धा कराटेची होती. बाजाराच्या टोकाला बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीचं पत्र्याचं शेड होतं, त्यात सरांचा वर्ग भरायचा. सर म्हणजे पन्नाशीचा, एका कानानं कमी ऐकणारा गडी; गावात लोक त्यांना मागून लाथवाले म्हणायचे आणि समोर नमस्कार करायचे. वर्गात तीसेक मुलं-मुली होती, तेलानं काळ्या झालेल्या फरशीवर अनवाणी. सरांचा नियम असा की पट्ट्याची बढती शेडमध्ये नाही मिळायची. स्पर्धेत पदक आणायचं, मग तिथंच, सगळ्यांसमोर, वरचा पट्टा कमरेला बांधायचा.

छटाकी दहाव्या वर्षापासून जात होती. तिच्याकडे पट्टा एकच. पांढरा होता तो आईनं पिवळा रंगवला, मग हिरवा, मग तपकिरी. रंगाच्या पुडीचं पाणी उकळायचं, पट्टा बुडवायचा, दोरीवर वाळत टाकायचा. आठ वर्षांत पट्टा आखडून इतका तोकडा झाला होता की गाठ मारल्यावर टोकं जेमतेम चार बोटं उरायची. आता शेवटची पुडी आईनं महिनाभर आधीच आणून घरातल्या फडताळात ठेवली होती. काळी.

"आधी जिंकू तर दे," छटाकी म्हणायची.

"तू जिंक. पाणी मी उकळते," आई म्हणायची आणि खोकायची.

काळा पट्टा मिळाला की पुढचं कामही पक्कं होतं, म्हणून तर सगळ्यांचे डोळे त्या पंचवीस तारखेला लागले होते. मोठ्या शहरातल्या मुलींच्या वसतिगृहाला कराटे शिकवायला एक मुलगी हवी होती. राहणं, जेवण तिथंच. सरांनी शब्द टाकला होता. तिथल्या बाईंनी सांगितलं, एक तारखेला काळा पट्टा घेऊन या, नसला तर आमच्याकडे दुसरी आहे. छटाकीनं स्वयंपाकघराचंही विचारून ठेवलं होतं. तिथं मदतीला बाई लागत होती.

"आईला घेऊन जाते, बाबा. तिथं नुसत्या भाज्या चिरायच्या. धूळ नाही."

"आणि मी?"

"तुम्हाला काटा सोडवेल का?"

तोलार हसला. मनातून त्याला बरं वाटलं, आणि वाईटही.

छटाकीचं नाव अठ्ठेचाळीस किलोच्या आतल्या गटात होतं. त्या गटात तिच्या तोडीची कुणी नव्हती, हे सर आकडेवारीनं सांगायचे. एकच भीती, वजनाची. अठ्ठेचाळीसच्या वर भरली तर बाद. वरच्या गटाची नावं आधीच गेलेली, तिथं घेत नाहीत. "रोज वजन बघ," सर म्हणाले. "आणि मला विचारू नको कुठं. तुझ्या बापाच्या काट्यापेक्षा खरा काटा गावात आहे का?"

मग रोज संध्याकाळी, शेवटची चिठ्ठी फाडून झाली की छटाकी फळीवर उभी राहायची. तोलार ठोकळा सरकवायचा, एक डोळा मिटून दांडी बघायचा आणि आकडा असा सांगायचा जसा काही तो स्वतः तिला दान करतो आहे. सत्तेचाळीस नऊशे. सत्तेचाळीस सातशे. ती रात्रीचा अर्धा घास सोडायची, सकाळी बाजाराला चार फेऱ्या पळायची, आणि आकडा उतरायचा.

स्पर्धेच्या दहा दिवस आधी ती दवाखान्यातून आली, आईचं औषध घेऊन. चेहरा उतरला होता.

"बाबा, तिथल्या काट्यावर अठ्ठेचाळीस सातशे आलं."

तोलार पोती मोजत होता. मान वर न करता म्हणाला, "दवाखान्याचा काटा! पत्र्याचा डबा तो. पोरंसोरं नाचतात त्याच्यावर."

"पण आपल्यापेक्षा किलोभर जास्त?"

"चपला होत्या का पायात?"

"होत्या."

"मग? वाटेतून आलीस, कपड्यांत धूळ. ये इकडे." त्यानं तिला फळीवर उभं केलं. "बघ. सत्तेचाळीस सातशे. बापावर विश्वास आहे का त्या डब्यावर?"

छटाकी हसली. तिचा बापावर विश्वास होता.

त्याच क्षणी तोलाराची नजर फळीखाली गेली होती, हे खोटं नाही. पण तेवढ्यात शेठनं हाक मारली, एक टेंपो आला होता, आणि तो धावला. आलेल्या माणसाचं गाऱ्हाणं तेच होतं. तोलारानं उत्तर तेच दिलं. नजर पुन्हा खाली गेली नाही.

चोवीस तारखेला संध्याकाळी सत्तेचाळीस सहाशे भरलं.

"चारशेची सवड आहे," तोलार घरी येऊन म्हणाला. "आज पोटभर वाढ तिला. उपाशी पोरगी लढेल काय?"

आई दोन दिवसांपासून ह्याच शब्दाची वाट बघत होती. तिनं ताट वाढलं. छटाकी तीन आठवड्यांत पहिल्यांदा मागून मागून जेवली, बोटं चाटून जेवली. तोलार समोर बसून तिच्याकडे बघत राहिला. त्या तासाभरात ते घर सुखी होतं.

सकाळी सरांनी ठरवलेल्या टेंपोतून बावीस पोरं आणि सात-आठ मोठी माणसं निघाली. मळेवाले आजोबा नातीला घेऊन आले होते. नऊ वर्षांची, पिवळ्या पट्ट्याची, पुढचे दोन दात पडलेली. ती छटाकीच्या मांडीवर बसली. आई आली नाही. टेंपोची धूळ तिला सोसली नसती. पण दारात उभी राहून ती म्हणाली होती, "चूल पेटवूनच ठेवते."

हॉल मोठा होता, खुर्च्या लोखंडी, निळ्या सतरंज्यांवर चुन्याच्या रेघा मारलेल्या. दारापाशी टेबल, टेबलाशेजारी काचेचा सपाट काटा, लाल आकड्यांचा. त्याला दांडी नव्हती, ठोकळा नव्हता. तोलाराला तो काटा बघूनच आवडला नाही.

छटाकी उभी राहिली. आकडे पळाले आणि थांबले.

"अठ्ठेचाळीस सातशे चाळीस," टेबलावरच्या बाई म्हणाल्या. "बाद."

"नाही," छटाकी म्हणाली. "परत बघा ना."

बाईंनी परत बघितलं. तेच.

"बाई, काल संध्याकाळी सत्तेचाळीस सहाशे होतं."

"कुठं?"

"माझे बाबा तोलार आहेत." तिचा आवाज वर चढला होता, रांगेतली सगळी माणसं बघू लागली. "बाजारातला काटा आहे. शिक्क्याचा. आमच्या टेंपोतल्या कुणालाही विचारा. बाबा, सांगा ना!"

सर पुढं झाले. "बरोबर आहे, बाई. हिच्या वडिलांचा काटा म्हणजे गावाचा शब्द आहे. तुमचा बिघडला असेल."

बाई वाईट नव्हत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "होऊ शकतं. सकाळपासून पन्नास जण झालेत, पण होऊ शकतं. तुम्ही लेखी द्या, की आमच्या शिक्क्याच्या काट्यावर एवढं भरलं होतं. मी दोन्ही काटे तपासून घेते. तोपर्यंत हिची पहिली लढत थांबवते. दुपारपर्यंत होईल." त्यांनी कोरा कागद तोलारापुढं सरकवला. "गाळ्याचं नाव लिहा आणि सही करा."

तोलारानं कागदाकडे बघितलं. फळीखालचं रबर त्याला त्या कागदावर दिसावं तितकं स्वच्छ दिसलं. शेठचं बोटही दिसलं. रांगेत, चार माणसांमागं, मळेवाले आजोबा नातीचा हात धरून उभे होते. सही केली तर काटे तपासणार. आपला काटा खोटा आहे म्हणावं, तर इथं चार-पाच माणसं अशी होती ज्यांची पोती नऊ वर्षं त्याच्या हाताखालून गेली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"बाबा, करा सही."

तोलाराचं तोंड आपोआप चालू झालं, जसं गाळ्यावर चालायचं.

"पोरीनंच खाल्लं असेल," तो म्हणाला. "सांगून ऐकत नाही. पाणी प्यायली असेल वाटेत. काटा कशाला तपासायचा?"

छटाकीनं बापाकडे बघितलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. कुठलीशी वस्तू नेहमीच्या जागी सापडू नये तसं तिचं तोंड झालं.

बाईंनी कागद मागं घेतला. "एक तास देते. सातशे चाळीस ग्रॅम उतरवता आले तर बघा."

सरांनी दोन मुलांचे स्वेटर तिच्या अंगावर चढवले, वरून टेंपोतलं ताडपत्रीचं फडकं गुंडाळलं आणि तिला मैदानात पळायला लावलं. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. ती पळत होती, थांबून थुंकत होती, पुन्हा पळत होती. दहाव्या फेरीला तिचे पाय आत वळायला लागले. तोलार कुंपणाच्या तारेला धरून उभा होता. मळेवाले आजोबा सावकाश चालत त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. दोघंही पोरीकडे बघत होते.

"तोलार," आजोबा त्यांच्या नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले, "एवढ्या लांबून टेंपोतून आली पोर. वाटेत धूळ झडली नाही वाटतं हिची?"

आजोबांनी उत्तराची वाट बघितली नाही. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो शिवीपेक्षा वाईट होता, आणि आत निघून गेले. छटाकी तेव्हा तारेपासून दोन हातांवर होती. तिनं ऐकलं असावं. तिचा पाय क्षणभर अडला आणि ती पुढं पळाली.

तास संपायला पाच मिनिटं होती तेव्हा तिनं सरांकडे कात्री मागितली. मलमपट्ट्या कापायची कात्री होती, बोथट. वेणी कापायला वेळ लागला. सरांनी कापलेली वेणी तोलाराच्या हातात दिली, कारण ठेवायला दुसरी जागा नव्हती. दीडशे ग्रॅम, तोलाराचा हात म्हणाला. हाताला सवय होती.

अठ्ठेचाळीस दोनशे नव्वद.

काल ते एक ताट नसतं तरी बहुतेक निभावलं असतं. दहा दिवस आधी कळलं असतं, तर नुसतं हसत हसत निभावलं असतं. छटाकीनं काचेवरून पाय खाली घेतला, स्वेटर काढून ज्याचे त्याला दिले आणि भिंतीला टेकून बसली.

त्या दिवशी सरांच्या वर्गाला सहा पदकं मिळाली. शिंप्याच्या मुलाला तपकिरी पट्टा मिळाला. दात पडलेल्या नातीनं समोरच्या पोरीला अशी लाथ घातली की पंचसुद्धा हसले. तिला हिरवा मिळाला. नियमाप्रमाणे वरच्या पट्ट्याची मुलगी खालच्याला बांधायची. सर चाचरले, पण छटाकी स्वतःच उठली. तिनं गुडघ्यावर बसून नातीच्या कमरेला पट्टा बांधला, दोन्ही टोकं सारखी आहेत का ते ओढून बघितलं, आणि नमस्कार केला.

"ताई, तुझे केस?" नात म्हणाली.

"गरम होत होतं," छटाकी म्हणाली.

अठ्ठेचाळीसच्या आतलं सुवर्णपदक एका पोरीनं जिंकलं, जिला छटाकीनं मागच्या वर्षी दोन मिनिटांत पाडलं होतं.

येताना टेंपोत पोरं गात होती. छटाकी मागच्या बाजूला फळकुटाला टेकून बसली होती, तोलार समोर, वेणी पिशवीत. गाव दिसायला लागल्यावर ती पहिल्यांदा बोलली, हळू, दुसऱ्यांना ऐकू जाणार नाही असं.

"बाबा, काट्यात धूळ किती आहे?"

तोलारानं रस्त्याकडे बघितलं.

"शेकड्याला दोन," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. हिशोब लागल्यावर माणूस हलवतो तशी. तोलाराला वाटलं, हिनं ओरडावं, चारचौघांत आपल्याला बोल लावावेत. ती टेंपोतून उतरून घराकडे चालायला लागली. घरी चूल पेटलेली होती आणि वर पाणी उकळत होतं. आईनं पोरीचं डोकं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. खोकला येतोय की रडू, ते कळायला मार्ग नव्हता. पुडी फडताळातच राहिली. पाणी मग तोलारानं अंघोळीला घेतलं, कारण फुकट घालवायचं कशाला.

एक तारखेला छटाकी त्याच्यासोबत गाळ्यावर आली. तोलार चार दिवस मनाशी घोकत होता, की आज काटा सुरू करायच्या आधी वाकायचं, रबर ओढून काढायचं आणि शेठच्या गादीवर ठेवायचं. चार दिवस त्यानं ते केलं नव्हतं. आज पोर बघत असताना करावं, असं त्याला वाटलं. तो वाकलासुद्धा. मग त्याला बायकोचं औषध आठवलं, पंचावन्न वर्षांचं आपलं वय आठवलं, बाजारात बसून असलेले हमाल आठवले. त्यानं फळीवरचे दाणे झटकले आणि उभा राहिला.

छटाकी ते बघत होती. तिनं तपकिरी पट्टा घरून आणला होता. ओढणी लोंबू नये म्हणून तो कमरेला आवळला, फडकं नाकातोंडावर बांधलं आणि चाळणीपाशी जाऊन उभी राहिली. पाय तिनं आपोआप तसे रोवले जसे लढतीला रोवतात. पहिल्या झटक्याला धुळीचा लोट उठला. शेठ पडवीत डोकावून म्हणाला, "हिच्या हातात जोर आहे हां."

दहाच्या सुमाराला एक टेंपो लागला. माणूस नवा होता, लांबचा, सुकलेल्या रानातून निघालेली उरलीसुरली पाच पोती घेऊन आलेला. पहिलं पोतं फळीवर चढलं. तोलारानं ठोकळा सरकवला, एक डोळा मिटला.

"अठ्ठ्याण्णव."

"असं कसं?" माणूस म्हणाला. "घरी पुरतं शंभर होतं. मी स्वतः मोजलंय."

तोलारानं तोंड उघडलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा आतून शब्द आला नाही. शेठनं गादीवरून मान वर केली. माणूस वाट बघत होता. मागं चाळणीची करकर थांबली होती.

"सांगा की," माणूस म्हणाला. "दोन किलो गेले कुठं?"

तोलारानं दांडीवर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. शेठ उठायला लागला.

तेव्हा पडवीतून, फडक्याआडून, छटाकीचा आवाज आला. मोकळा, गोड, बापाला नऊ वर्षांत साधला नव्हता इतका साधा.

"टेंपोतून आणलंत ना, काका? वाटेत धूळ झडली असेल."

माणूस त्या आवाजाकडे बघून जरासा हसला आणि दुसरं पोतं उतरवायला गेला. शेठ पुन्हा खाली बसला. चाळणी पुन्हा हलायला लागली.